सोयरिकीची वही

सितारामकाकांनी भाचीच्या मुलीसाठी स्थळ शोधलं ते आमच्या कार्यालयातल्या फायलींमधून. मुलगा आरोपी नव्हता, एवढंच त्यातलं समाधान.

"मॅडम, पोऱ्या लय गुनाचा दिसतं," माझ्या टेबलावर वही ठेवत ते म्हणाले. "धनेश नाव. पनवेलला सोताचं झेरॉक्सचं दुकान हाय. आनि पोलिसांचा इतका इस्वास, क सगलीकडं साक्षीला यालाच बोलवतान. सात फायलींत नाव हाय त्याचं. सात!"

मी हसले. हसू नये असं ठरवूनही हसले. काकांचं वय त्रेसष्ट. नावडे गावातले मूळचे. सगळी नोकरी सरकारी रेकॉर्डरूममध्ये गेली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे करारावर कारकून म्हणून आले. आमचं कार्यालय म्हणजे लोकअभिरक्षक कार्यालय. ज्याला वकील करणं परवडत नाही अशा आरोपीची बाजू सरकारच्या खर्चाने मांडणारे आम्ही पूर्णवेळ वकील. पूर्वी हेच काम पॅनलवरचे वकील करायचे. कोर्ट यादीतून एकेकाला एकेक केस द्यायचं आणि तो आपली खासगी प्रॅक्टिस सांभाळून, जमेल तशी, तीही लढवायचा. आता आम्ही पाच जण, खासगी केस घ्यायची नाही, तुरुंगात जाऊन आरोपींना भेटायचं आणि सगळ्या फायली एकाच खोलीत, एकाच लोखंडी कपाटात ठेवायच्या. मी गेल्या जूनमध्ये इथे लागले. त्याआधी सहा वर्षं मीही पॅनलवरच होते.

पॅनलच्या वकिलांकडून जुन्या फायली जमा होऊ लागल्या तेव्हा त्या लावायचं काम काकांकडे आलं. लावता लावता ते त्या वाचत. आरोपी कोण, गुन्हा काय, यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा सगळा जीव साक्षीदारांत. कुठल्या गावचा, कुणाचा कोण, आपल्यात बसतो का. पनवेल तालुक्यातली अर्धी गावं त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची, तेव्हा दर चार फायलींमागे एखादा मामेभाऊ निघायचाच. मग त्याची वहीत नोंद व्हायची. आणि रेकॉर्डरूमची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे नुसतं नाव लिहून त्यांचं भागत नसे. नाव, वय, धंदा, पत्ता, कुठल्या पंचनाम्यावर सही, तारीख, जागा, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. रकाने आखून, निळ्या शाईत.

"काका, पंच झाला म्हणजे माणूस चांगला असं कुठे असतं?"

"मंग? वाईट मानसाची सही कोन घेल?" काकांनी मलाच विचारलं.

मी वहीतल्या धनेशच्या ओळींवरून नुसती नजर फिरवली.

पोलीस जेव्हा चोरीचा माल हस्तगत करतात तेव्हा बाहेरची दोन माणसं सोबत नेतात. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि कागदावर सही करायची. ते पंच, आणि तो कागद म्हणजे पंचनामा. बहुतेक चोरीच्या खटल्यांचा सगळा डोलारा या सहीवर उभा असतो. एकच माणूस सात पंचनाम्यांना हजर असणं ही काही मोठी गंमत नाही. चौकीजवळच्या दुकानदाराला पोलीस हाक मारतात, तोही नाही म्हणत नाही. सगळ्या वकिलांना हे माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि सात ओळी एकाखाली एक बघणं वेगळं. सात खटल्यांत सात वेगवेगळे वकील होते. प्रत्येकाने धनेशला एकदाच पाहिलं असणार.

माझा स्वभाव भोचक आहे. आई लहानपणापासून म्हणते, नंदिनीला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय घास उतरत नाही. सीवूड्सला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणाच्या बॅगेत काय होतं हेही मी सांगू शकते. आजवर या गुणाचा कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नव्हतं. वही मी काकांकडे मागितली, तर म्हणाले, "आज नको. ऐतवारी दुकान बघून येतू, मंग देतू."

त्या दिवसांत आमच्या बाहेरच्या बाकावर शकिलाचाची बसलेल्या असायच्या. करंजाड्याहून सकाळी येत आणि कोर्ट उठेपर्यंत थांबत. त्यांचा मुलगा सादिक एसी दुरुस्त करायचा. एका गोदामाच्या रखवालदाराला मारहाण करून तांब्याच्या पाइपांची चोरी केल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि एकोणीस महिने तो तळोज्याला तुरुंगात होता. जामीन दोनदा फेटाळला गेला होता. अंधारामुळे रखवालदाराला मारणाऱ्याचा चेहरा दिसला नव्हता. सादिकविरुद्ध पुरावा एकच: त्याने नावड्याला एका बंद शेडमागे पाइप लपवले होते आणि पंचांसमक्ष काढून दिले, असा पंचनामा. पहिला पंच मध्यंतरी वारला होता. दुसऱ्याची साक्ष अभिराम नावाच्या पॅनलच्या वकिलाने तीन प्रश्नांत उरकली होती. साक्षीपुरावे नोंदवून झाले होते. फाइल माझ्याकडे आली तेव्हा फक्त अंतिम युक्तिवाद शिल्लक होता, येत्या शुक्रवारी. निकाल विरुद्ध गेला तर सात-आठ वर्षं कुठे जात नव्हती.

"बाय, खरं सांग," शकिलाचाचींनी मला त्या आठवड्यात विचारलं, "सुटेल ना माजा सादिक?"

मी म्हणाले, प्रयत्न करतेय. हे आमचं वकिलांचं ठरलेलं वाक्य, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. चाची उठल्या आणि नळावर पाणी प्यायला गेल्या.

तुरुंगात सादिकला भेटले तेव्हा तो एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत होता. "मॅडम, मी नावड्याला गेलोच नाय. पोलिसांच्या पथकाने दिवसभर त्यांच्या ऑफिसात बसवलेलं. संध्याकाळी कागद पुढे केला, सही घेतली." असं सगळेच म्हणतात. सहा वर्षं पॅनलवर काढल्यावर कान त्याला सरावतात, आणि सरावलेल्या कानांचा मला रागही येतो.

सोमवारी काका आले ते नाराज.

"काय झालं? मुलगा नाही आवडला?"

"पोऱ्या सोन्यासारखा. नम्र. चहा पाजला. आई आजारी हाय, तिचं सगलं करतं. पन त्याला सवड कवा? शेजारचा पानवाला सांगं, सकाली नवाला शटर उघरतं ते राती आठला बंद. जेवन बी मशीनजवल. दुकानात दुसरं मानूसच नाय. पोरीला फिरवायला कवा नेल त्यो?" काकांनी वही माझ्यासमोर टाकली. "पानवाला सांगं, तीन वरसांत त्याला दुकान सोरून हललेलं कुनी पायलं नाय."

काका कपाटाकडे वळले. मी मात्र जागेवरच राहिले. दुकान सोडून न हलणारा माणूस सात पंचनाम्यांना कसा गेला?

आता हे सांगायला हवं की सरकारी साक्षीदाराची अशी दुकानात जाऊन चौकशी करणं आमच्या कामात बसत नाही. काका स्थळ बघायला गेले होते, त्यांना फायलीशी देणंघेणं नव्हतं. पण मी त्यांना लगेच बजावलं की आता निकाल लागेपर्यंत त्या दुकानाच्या रस्त्यानेही जायचं नाही, आणि पानवाल्याचं बोलणं कोर्टात वापरायचा विचारही मी सोडून दिला. मला हवं होतं ते कागदावर असलेलं काहीतरी. वही उघडली आणि धनेशच्या सात ओळी बोट ठेवून वाचल्या.

चौथी ओळ सादिकच्या खटल्याची, म्हणजे तिथला तो दुसरा पंच हाच. नऊ ऑगस्ट, दोन वर्षांपूर्वीचा. नावडे, शेडमागची मोकळी जागा. सुरू सव्वाअकरा, संपला बारा चाळीसला.

पाचवी ओळही नऊ ऑगस्टचीच. करंजाडे, नाल्याजवळ. सुरू अकरा, संपला साडेबाराला. मालाचं वर्णन: पितळी नळ, बावीस नग. आरोपी पोपट.

मी दोनदा वाचलं. नावडं कुठे आणि करंजाडं कुठे! मधे अख्खं पनवेल. एकच माणूस एकाच वेळी दोन्हीकडे उभा राहून चोरीचा माल पाहत होता, आणि दोन्हीकडे सही करत होता. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच टाळी वाजवली. काकांनी कपाटाआडून डोकं बाहेर काढलं.

"काका, पोपटची फाइल काढा. पटकन."

फाइल आली. कव्हरवर वकिलाचं नाव लिहायची जागा असते. तिथे माझं नाव होतं.

आनंद असा एका क्षणात उतरतो हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. आत माझं अक्षर. धनेशच्या साक्षीच्या पानाखाली मी पेनने लिहिलं होतं: उलटतपास नाही.

तो दिवस आठवायला मला थोडा वेळ लागला, आणि याचीच जास्त लाज वाटली. पोपट रखवालदार होता. करंजाड्याला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत राहायचा, आणि तिथलेच नळ चोरल्याचा आरोप. त्याची केस मला साक्षीच्या दिवशी सकाळी मिळाली. पिंजऱ्यात उभा असताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, मी हाताने थांब म्हणून खूण केली. पॅनलच्या पद्धतीत असंच चालायचं असं मी सांगू शकते आणि ते खोटंही नाही. पण सगळं खरं सांगायचं तर बाजूच्या कोर्टात माझी खासगी केस पुकारली जाणार होती आणि माझं निम्मं लक्ष तिकडे होतं. न्यायाधीशांनी विचारलं, उलटतपास? मी म्हणाले, नाही. पोपटला शिक्षा झाली. नऊ महिने तो आत होताच, तेवढीच शिक्षा देऊन सोडला. मी तेव्हा त्याला म्हणाले होते, सुटलास ना, बरं झालं.

पुढचा अख्खा दिवस मी धनेशला परत साक्षीला बोलवायचा अर्ज लिहिला नाही. इतर कामं केली. नको त्या फायलींना नवीन कव्हरं घातली. मनात हिशोब चालू होता की पोपटची फाइल न काढता, नुसत्या उरलेल्या सहा पंचनाम्यांवर भागेल का. हा पोलिसांचा नेहमीचा पंच आहे, एवढं म्हणता येईल. पण तेवढ्यावर कुठलंही कोर्ट माणसाला सोडत नाही. बाहेर बाकावर शकिलाचाची डब्यातून भाकरी खात होत्या. एक तुकडा मोडून त्यांनी मला उघड्या दारातून खूण करून विचारलं, खाणार का? मग मात्र मला माझीच चीड आली. मी उठून श्यामसुंदर सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर आमचे मुख्य लोकअभिरक्षक. पंचवीस वर्षं फौजदारी वकिली केलेले, बोलण्यात काटकसरी. त्यांनी दोन्ही पंचनामे शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज दे. दुसऱ्या पंचनाम्याची आणि त्याच्या साक्षीची सही-शिक्क्याची नक्कल लाव." मग थांबून म्हणाले, "नंदिनी, त्या नकलेवर तुझं नाव आहे. कोर्ट विचारणार. हवं तर मी उभा राहतो."

"नाही सर. मीच."

"ठीक आहे," सर म्हणाले, आणि मी निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "ही वही कोणी आणि कशासाठी ठेवली ते मात्र कोर्टात सांगू नकोस."

शुक्रवारी युक्तिवादाच्या जागी मी अर्ज दिला. सरकारी वकिलांनी विरोध केला. पुरावा संपलाय, बचाव पक्ष वेळ काढतोय, वगैरे. न्यायाधीशांनी दोन्ही नकला वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही आधी का विचारलं नाही?"

"साहेब, या आरोपीचे तेव्हाचे वकील वेगळे होते. दुसऱ्या खटल्याचे कागद त्यांनी पाहिलेलेच नव्हते. ते दुसऱ्या वकिलाच्या कपाटात होते."

"त्या दुसऱ्या वकिलाने तरी विचारायला हवं होतं. एकही प्रश्न नाही." त्यांनी पान उलटलं. "कोण होते?"

"मी होते, साहेब."

न्यायाधीश लिहीत राहिले. अर्ज मंजूर झाला. मागच्या रांगेत शकिलाचाचींना काय झालं ते कळलं नव्हतं, त्यांना वाटलं केस पुढे ढकलली, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट. त्या फक्त म्हणाल्या, "मग आता विचार. नीट विचार."

दहा दिवसांनी धनेश साक्षीला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला रुमाल. काका म्हणाले होते तसाच नम्र. मला तो आवडला, हे कबूल करते. पिंजऱ्यात सादिक दोन्ही हात गजांवर ठेवून उभा होता.

"नऊ ऑगस्टला तुम्ही नावड्याला गेला होता?"

"होय."

"पंचनामा संपेपर्यंत तिथेच होता? मधे कुठे गेला नाहीत?"

"नाही. तिथेच होतो."

"सव्वाअकरा ते बारा चाळीस?"

"कागदावर असेल ते बरोबर."

मी दुसरी नक्कल त्याच्या हातात दिली. "ही सही तुमची?"

त्याने पाहिली. "माझीच."

"तारीख, जागा आणि वेळ वाचून दाखवा."

त्याने वाचायला सुरुवात केली. नऊ ऑगस्ट. करंजाडे. सकाळी अकरा, असं म्हणून तो थांबला. रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. सरकारी वकील उभे राहायला लागले, न्यायाधीशांनी त्यांना हाताने बसवलं. मला पुढचा प्रश्न विचारायचा मोह होत होता. वकिलाची जीभ अशा वेळी फार शिवशिवते. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

"धनेश," न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "या दोनपैकी तुम्ही कुठे होता?"

"साहेब, कुठेच नव्हतो." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "दुकानात होतो. ते लोक झेरॉक्सला येतात. कॉपी काढून देतो, मग म्हणतात, इथे सही कर. मी वाचत नाय, साहेब. गिऱ्हाईक उभं असतं. वाटलं, पोलिसांचा कागद हाय, खराच असणार."

"आणि कोर्टात शपथेवर सांगितलंत ते?"

"ते बाहेर वाचायला देतात ना, काय बोलायचं ते. तसंच बोललो." मग त्याने पहिल्यांदा मान वळवून सादिककडे पाहिलं. "मला म्हाईत नव्हतं, की हा अजून आत हाय."

सादिक सुटला. निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो तुरुंगाच्या दारातून कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला तेव्हा शकिलाचाचींनी आधी त्याला एक चापट मारली आणि मग रडल्या. माझे दोन्ही हात धरून त्यांनी पुष्कळ दुवा दिल्या. मला त्या घ्याव्याशा वाटत होत्या आणि घेववतही नव्हत्या. पथकातल्या माणसांची चौकशी व्हावी असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं. उरलेल्या पाच फायली सरांनी आपल्या टेबलावर मागवून घेतल्या. पोपटची मी माझ्याकडे ठेवली.

काकांनी वहीत धनेशचं नाव खोडलं असेल असं मला वाटलं होतं. खोडलं नव्हतं, पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"शेवटी बोलला ना खरं?" ते म्हणाले. "पन आता पोरीलाच इचारीन. सगलं सांगून."

पोपट करंजाड्यालाच सापडला. सकाळी एका मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसत होता. रखवालदाराची नोकरी आता मिळत नव्हती. एजन्सीवाले पोलीस व्हेरिफिकेशन मागतात आणि त्यात शिक्षा दिसते. त्याने मला ओळखलं. मी त्याला ओळखलं नसतं.

बादली बाजूला ठेवून तो कठड्यावर बसला. मी उभीच राहिले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. धनेश काय बोलला, कुठल्या खटल्यात बोलला, आता अपील करता येईल, उशीर झालाय पण तो माफ करून मागता येतो, वकिलाचा खर्च नाही. तो ऐकत होता. मधेच ओलं फडकं पिळत होता.

"मंजी त्यो तवाबी दुकानातच व्हता?"

"हो."

"म्या तुमाला त्येच सांगणार व्हतो त्या दिशी. माज्यासंगं नाल्याजवळ कुनीच आलं नव्हतं." त्याने पंजा उभा धरून दाखवला. "तुमी हात केला."

"हो," मी म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं. प्रश्न विचारायला हवा होता. चुकलं माझं."

"तुमी इचारलं असतं, तर त्यो तवाच बोलला असता का?"

मला धनेशचा रुमाल आठवला. "बहुतेक बोलला असता," मी म्हणाले.

एक बाई आपल्या गाडीपाशी येऊन थांबल्या, अर्धवट पुसलेली काच पाहून त्याच्याकडे पाहू लागल्या. त्याने उठून काच पूर्ण केली, त्या गेल्या, तो परत येऊन बसला.

"आता वकील कोन ऱ्हानार?"

"आमचे मोठे सर. मी नाही. अपिलात माझीच चूक लिहायची आहे, त्यामुळे मी उभं राहणं बरोबर नाही."

"कोर्टात सायेबच उभं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर लिवा तुमी. काय इचारायचं ऱ्हायलं, ते तुमालाच म्हाईत."

म्हणून त्याच कठड्यावर बसून, मांडीवर फाइल घेऊन, अपिलाचं पहिलं कारण मी माझ्या अक्षरात लिहिलं: आरोपीच्या वकिलाने आरोपीचं म्हणणं ऐकून घेतलं नाही आणि साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही. वकिलाचं नाव लिहिलं. कागद आणि पेन पोपटपुढे धरलं. त्याने पेन घेतलं, पण सही केली नाही.

"आदी वाचून दावा," तो म्हणाला.

मी वाचलं. त्याने परत वाचायला सांगितलं. मी पुन्हा, सावकाश, माझ्या नावासकट वाचलं. मग त्याने ओले हात पँटला पुसले आणि सही केली.